शिजवलेल्या पालकाची उगाच बदनामी

आधीच सांगते, पोस्ट भाजीबद्दल आहे. शाळेच्या ग्रुपवरच्या पालकांनी स्वतःवर ओढवून घेऊ नये.

तर परवा एक मैत्रीण घरी आली होती. गॅसवर पाणी उकळत होतं आणि मी धुतलेला पालक त्यात टाकायच्या बेतात होते. ती हळहळलीच. "अगं, शिजवतेस कशाला? सगळी जीवनसत्त्वं मरतात. कच्चाच खायचा." हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता वाद घालत नाही. पण या वेळी घातला, कारण तिने म्हणता म्हणता एक पान तोंडात टाकलं आणि मिनिटभराने दातांवरून जीभ फिरवत विचारलं, "दात खरखरीत का लागतायत?" त्या खरखरीकडे येतेच.

पालेभाजी आळते हे आपल्याला माहीत आहे. पातेल्याच्या काठावरून बाहेर डोकावणारा ढीग दोन मिनिटांत तळाला जाऊन बसतो, आणि मग 'एवढंसंच राहिलं की!' असं होतं. या आळण्यामुळेच पोषणही उडून गेल्यासारखं वाटत असावं. पण आळते ती मुख्यतः हवा. उष्णतेने पेशी सैल पडतात, पानांचा ताठपणा जातो, मधल्या पोकळ्या मिटतात. कच्च्या पालकात ९१ टक्के पाणी असतं आणि उकडून निथळलेल्या पालकातही साधारण तेवढंच.

आता मोजायचं कसं, इथे खरी गोम आहे. कच्च्या पानांचा कप वजनाला भरतो जेमतेम ३० ग्रॅम. शिजवलेला कप १८० ग्रॅम. म्हणजे सहापट पालक. क जीवनसत्त्व शिजवल्याने घटतं हे शंभर टक्के खरं आहे: १०० ग्रॅम कच्च्या पालकात २८ मिलिग्रॅम, उकडलेल्यात १०. पण कपाच्या हिशोबात? कच्च्या कपात साडेआठच्या आसपास, शिजवलेल्या कपात साडेसतरा. जे जीवनसत्त्व 'मेलं' म्हणून आपण सुतक पाळतो, तेही ताटात दुपटीने येतं! फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वाचंही तसंच. १०० ग्रॅमला १९४ मायक्रोग्रॅमवरून १४६ वर येतं, पण कपामागे ५८ विरुद्ध २६३. तेवढा कच्चा पालक एका बैठकीत चावून दाखवणाऱ्याला माझा दंडवत.

जे कमी होतं त्यातलं थोडं उष्णतेने जातं आणि बरंचसं उकळत्या पाण्यात उतरतं. क आणि फोलेट दोन्ही पाण्यात विरघळणारी. म्हणून माझं मत असं की 'शिजवायचा की कच्चा' हा वादच चुकीचा आहे. विचारायचं असेल तर पाण्याचं विचारा. ते हिरवं पाणी ओतून द्यायचं, की मुळात जास्त पाणी घालायचंच नाही?

आणि इथे मैत्रिणीचे दात येतात. पालकात ऑक्झॅलेट भरपूर असतं, म्हणजे कॅल्शियमला चिकटणारं एक नैसर्गिक द्रव्य. त्यातलं काही कॅल्शियमशी जोडलेलं, स्फटिकांच्या रूपात असतं आणि काही मोकळं, विरघळणारं. चावताना हे लाळेतल्या कॅल्शियमशी जुळून दातांवर बारीक थर बसतो, ती ही खरखर. उकडताना विरघळणाऱ्या ऑक्झॅलेटचा मोठा भाग पाण्यात जातो. म्हणजे त्या पाण्यात फोलेट आहे म्हणून जपावं, तर ऑक्झॅलेटही आहे. ज्यांना कॅल्शियम ऑक्झॅलेटचे मुतखडे होतात त्यांनी पालक खायचाच असेल तर उकडून पाणी ओतून द्यावं, फोलेटची हळहळ करू नये. किती आणि कितीदा खायचा हे मात्र डॉक्टरांना विचारून. बाकीच्यांनी वाफवावा किंवा धुताना पानांवर राहिलेल्या पाण्यातच परतावा. मी स्वतः त्या दिवशी उकडत होते ते निव्वळ सवयीने. हे तिला सांगितलं नाही.

कॅल्शियमवरून मात्र मी पालकाची बाजू घेणार नाही. शिजवलेल्या कपात २४५ मिलिग्रॅम दिसतं, वाचून बरं वाटतं. पण रॉबर्ट हीनी या अमेरिकी संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मोजलं तेव्हा पालकातलं कॅल्शियम शरीरात शोषलं गेलं फक्त ५ टक्के, दुधातलं सुमारे २८ टक्के. म्हणजे २४५ पैकी हाती लागतं १२ मिलिग्रॅम. बाकीचं ऑक्झॅलेट धरून बसतं. हाडांसाठी पालक खा म्हणणाऱ्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवावा.

लोहाची गोष्ट तर गमतीदार. पालकातल्या लोहाच्या आकड्यात कुण्या शास्त्रज्ञाचं दशांशचिन्ह चुकलं, आकडा दहापट झाला आणि म्हणून कार्टूनमधला पॉपाय हा खलाशी ताकदीसाठी पालक खाऊ लागला, ही कथा मीही अनेकांना ऐकवली होती. पुढे कळलं की त्या दशांशचिन्हाच्या चुकीलाच पुरावा नाही. १९८१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखात ती आली आणि एकमेकांचं वाचून पसरली. आणि पॉपायने १९३२ च्या चित्रपट्टीत पालकाचं कारण दिलं होतं ते अ जीवनसत्त्वाचं! पुराणातली वांगी पुराणात राहू द्यावीत, पण इथे पुराणातल्या पालकाने मला तोंडघशी पाडलं. असो. १०० ग्रॅम शिजवलेल्या पालकात लोह साडेतीन मिलिग्रॅम असतं. भाजीच्या मानाने चांगलंच. पण वनस्पतीतलं लोह मांसातल्यापेक्षा कमी शोषलं जातं. सोबत लिंबू असलं तर बरं, आणि चहा-कॉफी जेवणानंतर लगेच नको.

अ जीवनसत्त्वाबाबत पॉपाय बरोबर होता. पालकातलं बीटा-कॅरोटीन शरीरात गेल्यावर त्याचं अ जीवनसत्त्व होतं, आणि पानांच्या पेशी शिजून सैल पडल्या की ते सुटं व्हायला मदत होते. शोषायला थोडं तेल किंवा तूप लागतं. 'डाएट' म्हणून कोरडाठाक उकडलेला पालक गिळणाऱ्यांची मला दया येते, चवीसाठीही आणि कॅरोटीनसाठीही. डोळ्यांसाठी महत्त्वाचं ल्युटिन मात्र मोठ्या आचेवर तळलं किंवा फार वेळ उकळलं की घटतं. त्यामुळे कच्च्याच्या बाजूने बोलणारे अगदीच खोटे नाहीत, एवढं मान्य.

रक्त गोठायला मदत करणारं के जीवनसत्त्व शिजवल्याने फारसं हलत नाही. १०० ग्रॅममध्ये ४९० मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या चार-पाच पट. म्हणून वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी पालक एकदम वाढवू नये आणि एकदम बंदही करू नये, नेहमीचं प्रमाण साधारण सारखं ठेवावं.

रंग टिकावा म्हणून चिमूटभर सोडा टाकणाऱ्यांना एकच विनंती, नका टाकू. हिरवा राहतो खरा, पण क जीवनसत्त्व आणखी जातं आणि भाजीचा लगदा होतो. उकडताना किंवा परतताना झाकण ठेवू नका. शिजताना पानांतून बाहेर पडणारी आम्लं वाफेबरोबर उडून जातात. झाकण असलं की ती परत पडतात आणि रंग शेवाळी होतो. लिंबूही त्यासाठीच शेवटी, आच बंद केल्यावर.

मैत्रीण त्या दिवशी दोन वाट्या खाऊन गेली, पटलं असं काही म्हणाली नाही. काल तिचा फोन आला. मागे वाफेचा आवाज येत होता.

"किती मिनिटं ठेवू?"

"मिनिटं बघू नकोस. पानांनी मान टाकली की आच बंद."

"टाकली बहुतेक. बापरे, एवढासाच उरला?"