देहदंड कुराणातला की सरकारी राजपत्रातला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण तिच्यात दम आहे, म्हणून दोन ओळींत वाटेला लावत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमली पदार्थांसाठी देहदंड हा मूळ इस्लामी कायद्यात नाही, हे माझ्या आधीच्या लेखातलं विधान म्हणजे सारवासारव आहे, कुराणात ‘पृथ्वीवर फसाद (उत्पात) माजवणाऱ्यां’ना मृत्यू सांगितलाच आहे, सौदी, इराण आणि मलेशिया शरियतच्या नावानेच माणसं मारतात, आणि हे फिक्ह, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्र, शिकवत बसण्यापेक्षा आखातात जाणाऱ्यांच्या उपयोगाचं काही तरी लिहा.

आधी माझी चूक. ‘हुदूदमध्ये नाही, म्हणून देहदंड बसत नाही’ हे मूळ लेखातलं वाक्य ढिलं होतं. हुदूद म्हणजे चोरी, वाटमारी, मद्यपान वगैरे मोजक्या गुन्ह्यांच्या ठरलेल्या शिक्षा. खुनाला किसास, म्हणजे जिवाला जीव. बाकीचं सगळं ताजीर, म्हणजे काझीच्या किंवा राज्यकर्त्याच्या अखत्यारीतलं. ताजीरमध्ये जीव घेता येतो का, यावर जुन्या फकीहांत, म्हणजे कायदेपंडितांत, खरंच दोन तट आहेत. एक बाजू ‘बुखारी’ आणि ‘मुस्लिम’ या संग्रहांतली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, पुढे करते: हद्द (हुदूदचं एकवचन) सोडून इतर शिक्षेत दहाच्या वर फटके नकोत. दुसरी बाजू ‘सियासा’चा, म्हणजे राज्यकारभाराच्या गरजेचा आधार घेते. गळे आवळून मारणाऱ्या सराईताला हनफी पंथाचे पंडित याच आधारावर ठार करू देतात, मालिकी पंथाचे हेराला. तेव्हा दार अगदीच बंद नव्हतं, हे तुमचं बरोबर.

पण त्या दारातून आत आलं काय? नशेचं म्हणाल, तर ‘प्रत्येक मादक वस्तू म्हणजे खम्र (दारू)’ या हदीसवरून भांग-चरस हराम ठरली. तरी हशीशवर, म्हणजे चरसवर, सगळ्यात कडक लिहिणाऱ्या धर्मपंडित इब्न तैमियाने (मृत्यू 1328) मागितली ती दारूचीच हद्द, म्हणजे फटके. चाळीस की ऐंशी हा वाद वेगळा. चौथ्यांदा दारू पिणाऱ्याला मारा अशी एक हदीस आहे, पण ती रद्द झालेली आहे असं बहुसंख्य मानतात. थोडक्यात, नशा करणाऱ्याला मारण्याची सोयच नाही. म्हणून आधुनिक काळात सगळा भार आणणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर टाकला गेला, आणि त्यासाठी तुम्ही म्हणता ती कुराणातली आयत (वचन), 5:33, कामाला लावली.

ती आयत आहे हिराबाची, शस्त्राच्या जोरावर वाट लुटणाऱ्यांची. तिच्यात देहदंड, सूळ, विरुद्ध बाजूचे हातपाय तोडणं आणि हद्दपारी असे चार पर्याय आहेत. लगेच पुढची आयत म्हणते, तुमच्या हाती लागण्याआधी जे पश्चात्ताप करतील त्यांना हे लागू नाही. आता बॅगेत पुडी घेऊन विमानातून उतरलेला माणूस वाटमाऱ्या कसा? त्याच्याकडे शस्त्र नाही, धाक नाही. तो या आयतीत बसवायचा तर ‘फसाद’ हा शब्द ताणावा लागतो. आणि ताणायचाच, तर पश्चात्तापाची सवलत आणि हद्दपारीही बरोबर यायला हवी. आयतीतला देहदंड तेवढा उचलायचा आणि सवलत तिथेच ठेवायची, हे मला पटत नाही.

सौदीतला आधार नेमका सांगता येतो. ज्येष्ठ उलेमांच्या (धर्मपंडितांच्या) मंडळाचा ठराव क्रमांक 138, 1987 चा. बाहेरून माल आणणारा आणि त्याच्याकडून घेऊन पुढे पुरवणारा यांना मृत्यू. देशात विकणाऱ्याला पहिल्या वेळी कैद, फटके, दंड, आणि पुन्हा केलं तर मृत्यूपर्यंत काहीही. म्हणजे चौदाशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा नियम जेमतेम चाळीस वर्षांचा. 2005 च्या कायद्यात तो कलम 37 म्हणून आला, आणि त्याच कलमात न्यायालयाला शिक्षा 15 वर्षांच्या कैदेपर्यंत खाली आणायची मुभाही आहे. हद्द असती तर काझीला अशी मुभा मिळाली नसती. 2020 च्या सुरुवातीपासून नोव्हेंबर 2022 पर्यंत या गुन्ह्यासाठी तिथे एकही शिरच्छेद झाला नाही, मग अचानक पुन्हा सुरू झाले. 2024 मध्ये मानवाधिकार संघटना अ‍ॅम्नेस्टीच्या मोजणीनुसार 122. मधल्या काळात कुराण तर बदललं नव्हतं. युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी 2022 मध्ये एका अमेरिकी मासिकाला सांगितलं होतं की एक प्रकार सोडून बाकी देहदंड आपण काढून टाकले, आणि तो एक, खुनाचा, कुराणात असल्यामुळे आपल्या हातात नाही. अमली पदार्थ कोणत्या बाजूला पडतात ते त्यांच्याच बोलण्यातून कळतं. त्याच वर्षी शिरच्छेद परत आले, हे वेगळं.

इराणचं प्रकरण तर तराजूचं आहे. तिथला 1988 चा कायदा संसदेने नव्हे, त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘राज्यहित’ मंडळाने केला. मंडळाच्या नावातच सगळं आलं. पाच किलोच्या वर अफू किंवा चरस, अथवा 30 ग्रॅमच्या वर हेरॉईन, की फास. 30 ग्रॅम म्हणजे पोह्याचे सहा चमचेही नाहीत. वजनावर जीव ठरला की काय होतं? सापडतो तो वाहणारा. माल ज्याचा तो तराजूजवळ येतच नाही. नोव्हेंबर 2017 पासून नवी दुरुस्ती लागू झाली: अफू-चरसला 50 किलो, हेरॉईन-कोकेनला 2, मेथला (मेथॅम्फेटामाइनला) 3; त्याखाली देहदंड तेव्हाच, जेव्हा आरोपी सशस्त्र असेल, टोळीचा म्होरक्या असेल, त्याने लहान मुलांना वापरलं असेल किंवा आधीची मोठी शिक्षा त्याच्या नावावर असेल. अशा फाशा 2017 मध्ये दोनशेच्या वर होत्या, 2018 मध्ये पंचविसाच्या आसपास आल्या. 2023 मध्ये पुन्हा साडेचारशेच्या वर, कायदा तोच असताना. दोन किलो हा आकडा कुठल्या हदीसमध्ये आहे?

मलेशियाबद्दल तुम्ही सपशेल चुकलात. तिथल्या शरियत न्यायालयांना 3 वर्षं कैद, 5,000 रिंगिट दंड आणि 6 फटके यापलीकडे शिक्षाच देता येत नाही. फाशी येते ती ब्रिटिश अमलातल्या 1952 च्या कायद्याच्या कलम 39-ब मधून, साध्या उच्च न्यायालयात. 15 ग्रॅम हेरॉईन सापडलं की तुम्ही विक्रेते असल्याचं गृहीत. नसल्याचं तुम्ही सिद्ध करायचं. शेजारच्या सिंगापुरात हाच 15 ग्रॅमचा आकडा थेट फाशीचा आहे, आणि ते काही इस्लामी राष्ट्र नव्हे. मलेशियाने जुलै 2023 मध्ये सक्तीची फाशी काढली. त्याच महिन्यात पाकिस्तानने, ज्याच्या राज्यघटनेत इस्लामविरोधी कायदा करायला मनाई आहे, अमली पदार्थांसाठीची फाशी पूर्णच रद्द करून जन्मठेप आणली.

आपलंही सांगतो, कारण ‘आपल्याकडे असं नाही’ असा तुमचा सूर आहे. एनडीपीएस, म्हणजे भारताच्या अमली पदार्थविरोधी कायद्यात 1989 पासून कलम 31-अ आहे: दुसऱ्यांदा दोषी आणि हेरॉईन 1 किलो, चरस 20 किलो किंवा कोकेन 500 ग्रॅम, तर फाशी, आणि तीही सक्तीची. जून 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सक्ती राज्यघटनेतल्या जगण्याच्या हक्काच्या, म्हणजे अनुच्छेद 21 च्या, विरुद्ध ठरवली. 2014 मध्ये संसदेने कायदा तसा बदलला. फाशी अजून पुस्तकात आहे. त्यासाठी कुणाला फतवा लागला नाही.

आता उपयोगाचं. खसखस सौदीत आणि अमिरातीत बंदी यादीत आहे, म्हणून दिवाळीचे अनारसे आणि खसखस घातलेला मसाला घरीच ठेवा. यासाठी कुणी फासावर चढवत नाही, पण विमानतळावरून परस्पर कोठडीत जाऊ शकता. ट्रामाडॉल (वेदनाशामक), कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या सौदीत न्यायच्या तर तिथल्या अन्न व औषध प्राधिकरणाची परवानगी निघण्याआधी घ्या. औषध मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी, पासपोर्टवरचं आणि चिठ्ठीवरचं नाव अक्षरशः एक. आणि ‘तिकडे आमच्या मुलाला एवढा डबा द्याल का’ म्हणणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा, तो शेजारचा असला तरी. ठराव 138 मधला ‘बाहेरून आणणारा’ म्हणजे ज्याच्या बॅगेत सापडलं तो. आत काय आहे हे माहीत नव्हतं, हे अरबी कामकाज चालणाऱ्या न्यायालयात दुभाष्यामार्फत पटवून देणं फार कमी लोकांना जमलं आहे.