सरकारी जंगलात जो आधी बसला, जागा त्याची

स्पष्टच लिहिते, कारण सीझन तोंडावर आलाय. सरकारी जंगलात हरणाच्या शिकारीला गेलात आणि तुमच्या आधी तिथे कुणी बसलेलं दिसलं, तर निघायचं तुम्ही. "जमीन सगळ्यांची आहे, मी का हलू?" हे वाक्य मी इथल्या अमेरिकन लोकांच्या तोंडून बरेचदा ऐकलंय. आता आपल्या मराठी मंडळींकडूनही ऐकू येऊ लागलंय आणि ते मला मनापासून खटकतं.

भारतातल्या मित्रमैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा विषयच मागे पडला, त्यामुळे हे वाचताना विचित्र वाटेल. इथे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हरणं 15 लाखांच्या वर आहेत. कुठल्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) किती मारायची हे राज्याचं खातं दर वर्षी ठरवतं, लायसन्स लागतं, मारलेल्या प्रत्येक हरणाची नोंद करावी लागते. शिकार करावी की करू नये हा वाद आज नको. ज्यांना जायचंय त्यांनी एकमेकांपासून किती लांब बसावं, एवढंच मला बोलायचंय.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी इथला नऊ दिवसांचा रायफलचा सीझन उघडतो. पाच लाखांहून जास्त लोक लायसन्स काढतात. ज्यांची स्वतःची शेतं-रानं आहेत ते तिकडे जातात. आमच्यासारखे, ज्यांच्या नावावर घराभोवतीच्या हिरवळीपलीकडे वीतभर जमीन नाही, ते काउंटीच्या आणि केंद्राच्या जंगलात जातात. नुसती काउंट्यांची जंगलंच सुमारे 24 लाख एकर आहेत. ऐकायला प्रचंड वाटतं. पण रस्त्यापासून अर्ध्या मैलाच्या आत, जिथून मारलेलं हरीण ओढत आणणं जमेल अशा पट्ट्यात पहिल्या शनिवारी जाऊन बघा. जिथे बघाल तिथे शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्या.

कायद्यात याचं उत्तर नाही. दुसऱ्याच्या राहत्या घरापासून 100 यार्डांच्या आत त्याच्या परवानगीशिवाय बार काढता येत नाही. रस्त्याच्या मध्यापासून 50 फुटांच्या आत काढता येत नाही. पण दोन शिकाऱ्यांमध्ये किती अंतर हवं, याचा आकडा विस्कॉन्सिनच्या नियमांत शोधून सापडणार नाही. ते माणसांवर सोडलंय. आणि जे माणसांवर सोडलेलं असतं, तिथेच माणूस कळतो.

किती लांब, असं मला विचाराल तर उघड्या रानात 300 यार्ड तरी. नोव्हेंबरात मेपल आणि ओकची पानं गळून गेलेली असतात, उंचावरून लांबपर्यंत दिसतं. तिथे तुम्हाला त्याची नारिंगी टोपी दिसतेय, म्हणजे तुम्ही त्याच्या पुढ्यात आहात. सीडरच्या दलदलीत 40 यार्डांपलीकडचं दिसत नाही, म्हणून तिथे लोक बिनधास्त जवळ बसतात. मला ती जागा जास्त धोक्याची वाटते. झाडीमुळे माणूस दिसत नाही, पण झाडी गोळी अडवेल याचा भरवसा नाही.

थर्टी-ऑट-सिक्स रायफलची गोळी तीन मैलांच्या पुढेही जाऊ शकते. आपण हरीण मारतो बहुतेक 100 यार्डांच्या आतबाहेर. नेम चुकला तर ती गोळी पुढे जातेच, आणि नेम बरोबर लागला तरी पुष्कळदा हरणाच्या आरपार जाते. म्हणून हंटर एज्युकेशनच्या वर्गात घोकून घेतात की नुसतं लक्ष्य बघू नका, त्याच्या पलीकडे काय आहे ते बघा. मागे टेकडीचा उतार असेल तर गोळी मातीत जाते. उंच मचाणावरून खाली मारलं तरी मातीत जाते. सपाट रानात जमिनीवर बसून मारली तर ती कुठे थांबेल हे सांगता येत नाही. त्यातून हरीण चालत न येता पळत आलं की माणूस त्याच्यामागे नळी फिरवत नेतो. छाती धडधडत असते, डोळ्यांपुढे फक्त शिंगं असतात. त्या फिरणाऱ्या नळीच्या टप्प्यात तुम्ही बसलेले असाल आणि तुम्ही तिथे आहात हे त्याला माहीतच नसेल, तर तुमचा भरवसा कशावर?

आमच्या शेजारचे आजोबा कागद गिरणीतून निवृत्त झालेले. मला रान त्यांनी शिकवलं. त्यांचं तरुणपण लाल लोकरी कोट घालून शिकार करण्यात गेलं. नारिंगी कपड्यांची सक्ती इथे 1980 ला आली, शिक्षणाचे वर्ग 1967 पासून. त्याआधीच्या सीझनमध्ये कोण दगावलं, कुणाच्या मांडीत गोळी घुसली, हे त्यांना नावानिशी आठवतं. ते सांगतात तेव्हा मी मध्ये बोलत नाही. आज अपघात खूपच कमी झालेत ते याच दोन गोष्टींमुळे, नारिंगी रंग आणि वर्ग. पण कपडा माणूस दाखवतो, अंतर राखत नाही. ते आपल्यालाच राखावं लागतं.

गेल्या सीझनची एक पहाट सांगते. मी मचाणावर होते, अजून मिट्ट काळोख. पायवाटेने एक हेडलॅम्प सरळ माझ्याकडे येत होता. मी माझा लाल दिवा त्याच्या दिशेने दोनदा उघडझाप केला. तो जागीच थांबला. हात वर केला. मग दिवा खाली वळवला आणि आल्या वाटेने परत गेला. मला वाटलं बाजूने वळून पन्नास पावलांवर बसेल. तो बसला नाही. बराच वेळ त्याचा दिवा ओढ्याच्या कडेने जाताना दिसत होता, आणि मुख्य म्हणजे तो वाऱ्याच्या खालच्या अंगाने गेला. माझ्या वरच्या अंगाने गेला असता तर त्याचा वास माझ्या पुढ्यातल्या रानात पसरला असता आणि माझी सकाळ तिथेच संपली असती. त्या माणसाचा चेहरा मी पाहिला नाही. पण रानात कसं वागायचं हे मी कुणाला शिकवते तेव्हा त्याचंच उदाहरण देते.

याच्या उलटही बघितलंय. उजाडल्यावर, सगळे बसून गेल्यावर एक जण येतो, मला बघतो, मान हलवतो आणि साठेक पावलांवर झाडाला टेकून बसतो. नळी आडवी, माझ्या दिशेने. मी आवाज देऊन सांगितलं की तुझी नळी माझ्याकडे आहे. त्याने ती वळवली, पण उठला नाही. मी उतरले आणि गेले. हो, तत्त्वाने जागा माझी होती. पण भरलेल्या बंदुकांच्या मध्ये उभं राहून तत्त्व सिद्ध करायचं नसतं. आधी बसलेल्याचा हक्क दुसऱ्याने मानायचा असतो. तो हक्क भांडून वसूल करायला जाल तर जीव धोक्यात घालाल.

एक बाई एकटी बसलेली दिसली की असं जवळ येणं वाढतं, हा माझा अनुभव आहे. तो खोडून काढायला कुणी कमेंटमध्ये येऊ नये.

आता मचाणांबद्दल. हायवे 64 च्या उत्तरेला राज्याच्या मालकीच्या जमिनीवर 1 सप्टेंबर ते 31 जानेवारीपर्यंत मचाण रात्रभर झाडावर ठेवता येतं. काउंटी जंगलांचे नियम काउंटीगणिक वेगळे, ते बघून घ्या. या सवलतीचा अर्थ काही लोक असा घेतात की सप्टेंबरात मचाण टांगलं की नोव्हेंबरपर्यंत ते रान आपलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसा हा प्रकार. माझं मत असं: रिकामं मचाण म्हणजे आरक्षण नव्हे. पहाटे मालक आला नाही तर दुसऱ्याला त्या भागात बसायचा पूर्ण हक्क आहे. पण त्याच्या मचाणावर चढून बसू नका. ते त्याच्या पैशाचं आहे, पट्टे किती जुने झालेत हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि मालक उशिरा आला तर काळोखात दोन अनोळखी बंदूकधारी समोरासमोर येतात.

2004 च्या सीझनमध्ये इथल्या सॉयर काउंटीत, दुसऱ्याच्या खाजगी जमिनीवरच्या मचाणावर एक शिकारी बसला होता. तिथून वाद पेटला आणि त्याच्या गोळ्यांनी सहा माणसं मेली, दोन जखमी झाली. बसलेला माणूस ह्मोंग होता, मेलेले गोरे. पुढे 2007 च्या जानेवारीत, पेश्टिगो हार्बरच्या सरकारी रानात खारींच्या शिकारीला गेलेल्या एका ह्मोंग माणसाचा दुसऱ्या शिकाऱ्याने खून केला. आमच्या वॉसॉत ह्मोंग समाज मोठा आहे. लाओसच्या डोंगरांतून निर्वासित होऊन आलेली माणसं, पिढ्यान्‌पिढ्या शिकारी. तिथल्या रानाला कुंपण नव्हतं, पाट्या नव्हत्या. इथे एका झाडापासून पुढच्या झाडापर्यंत मालक बदलतो. त्या दोन घटनांनंतर त्यांच्यातल्या कित्येकांनी एकट्याने रानात जाणं सोडलं, हे मला माझ्या सहकाऱ्यांनी सांगितलंय.

आपण मराठी लोक त्या रानात कुणाला कोण दिसतो, हे वेगळं सांगायला नको. माझ्या कातडीकडे बघून "इथे तुझं काय काम" असं नजरेने विचारलेलं मला कळतं. म्हणून मी आधी बोलते. पार्किंगच्या जागी दुसरी गाडी असेल तर काच खाली करून गुड मॉर्निंग म्हणते आणि विचारते, तुम्ही कुठल्या बाजूला जाणार? लोक आपली नेमकी जागा सांगत नाहीत, सांगूही नये. दिशा मात्र सांगतात. "ओढ्याच्या पलीकडे", "जुन्या लाकूडरस्त्याने वर". एवढं पुरतं. दोन मिनिटांच्या त्या बोलण्याने माझ्या डोक्यात नकाशा तयार होतो, की सकाळभर कुठल्या बाजूला बंदूक वळवायची नाही. गाडी नुसती उभी असेल आणि माणूस आत गेलेला असेल, तर पुढच्या फाटकावर जायचं. यासाठी आदल्या दिवशी दोन-तीन पर्यायी जागा ऑनएक्स या नकाशाच्या अ‍ॅपवर बघून ठेवलेल्या असाव्यात. पर्याय नसतो म्हणून माणूस हट्टाला पेटतो.

हाका घालणाऱ्यांशी माझं जरा जास्तच भांडण आहे. दहा जण ओळीने रान उठवत येतात, पुढे चार जण रायफल रोखून उभे. इथल्या अपघातांत हाक्यांचा वाटा मोठा आहे. स्वतःच्या शेतावर करा, सगळे ओळखीचे असतात, कोण कुठे उभा ते ठरलेलं असतं. सरकारी रानात पहिल्या शनिवारी, मध्ये कोण अनोळखी बसलंय याचा पत्ता नसताना हाका घालणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. कायद्याने चालतं, तरीही.

जखमी हरणामागे रक्ताच्या थेंबांवरून जाताना दुसऱ्याच्या पुढ्यात पोहोचलात, तर बंदूक रिकामी करा, पट्ट्याने खांद्याला अडकवा, मोठ्याने बोलत जा. शीळ घालू नका, हात हलवू नका, माणसासारखं बोला. पुढे खाजगी हद्द लागली तर मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हरीण समोर पडलेलं दिसत असलं तरी. आणि दोघांच्याही गोळ्या लागल्या असतील, वाद होतोय असं दिसलं, तर देऊन टाका. फ्रीजरभर मटणासाठी कुणी घरी उशिरा पोहोचू नये.

थंडी वाजली म्हणून दहा वाजता उठून जाणाऱ्यांनी पायवाटेनेच जावं, टोपी डोक्यावर ठेवून. रानातून आडवे जाऊ नका. तुमच्या मागे-पुढे लोक अजून बसलेले असतात.

वॉसॉ, मेरिल, स्टीव्हन्स पॉइंट या भागातलं कुणी या वर्षी पहिल्यांदा जाणार असेल तर मला मेसेज करा. 1 जानेवारी 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशन लागतं, त्याची तारीख आधी बघा. सीझनच्या आधीच्या एखाद्या रविवारी मी काउंटी जंगलात घेऊन जाईन. फाटकं कुठे, वारा कसा बघायचा, बसलेल्या माणसाला वळसा कसा घालायचा, सगळं चालून दाखवीन. बंदूक घरी ठेवा. नारिंगी जॅकेट आणा, तेव्हा तीर-कमानवाल्यांचा सीझन चालू असतो, आणि बूट गुडघ्यापर्यंतचे घाला, ओढ्यापाशी चिखल आहे.