८ जीबीची ‘फास्ट’ रॅम घेण्याआधी
ठाणे-घोडबंदरच्या सोसायटी ग्रुपांवर फिरतंय : ‘२६६६ ची ८ जीबी रॅम काढून ३६०० ची ८ जीबी टाका, पीसी दुप्पट पळेल.’ (२६६६, ३६०० हे रॅमच्या वेगाचे आकडे.) चूक आहे. रॅम भरली की विंडोज डिस्कवर डेटा हलवतं. तिथेच पीसी अडखळतो, मग रॅम कितीही वेगवान असो.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. रोजच्या कामात आकडा ८५-९० टक्क्यांवर असेल, तर जुनी ८ ठेवून शेजारी आणखी ८ लावा. रॅमच्या किती जागा भरल्यात ते ‘स्लॉट्स यूज्ड’मध्ये तिथेच दिसतं. रॅमची पिढीही जुळायला हवी : डीडीआर४ च्या मदरबोर्डात डीडीआर५ बसत नाही, खाचच वेगळी. वेग वेगवेगळे असले तर दोन्ही स्टिक मंद वेगावर चालतात. चालू द्या.

शिवाय ३६०० ची स्टिक बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा जाहीर वेग लागू करणारं सेटिंग, चालू केल्याशिवाय ३६०० वर चालतच नाही. काही स्वस्त बोर्डांत तर तेवढी सोयच नसते. ग्राफिक्स कार्डाविना गेम खेळणाऱ्यांना मात्र वेगाचा खरा फायदा होतो.