पांढरा कोट म्हणजे व्यावसायिकता नव्हे

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आणि डॉक्टरांच्या व्यावसायिकतेवरचा एक लेख वाचला; त्यात वेळ पाळणे, नीटनेटका पोशाख आणि गोड बोलणे यांवर भर आहे. हे हवेच, पण सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करताना मला खरी कसोटी दुसरीकडेच दिसते. राउंडला पडदा न ओढता बाईचं पोट उघडं करून दहा विद्यार्थ्यांना दाखवलं जातं, तेव्हा ते दहा जण काय शिकतात? पेशंटला 'बारा नंबरची हर्निया' म्हटलेलं ऐकून? किंवा ऑपरेशनच्या तोंडावर, काहीही न समजावता संमतिपत्रावर अंगठा घेताना पाहून?

2019 च्या तुकडीपासून एमबीबीएसला 'एटकॉम' आलं. वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हे विषय आता रीतसर शिकवतात. फार चांगलं झालं. पण वर्गात तासभर ऐकलेलं वॉर्डातल्या सीनियरच्या एका ओरडण्यात पुसलं जातं. मुलं सरांचं बघून वागतात, पुस्तकाचं नाही.

आणि निवासी डॉक्टरांकडून सौजन्य मागताना त्यांच्या ड्युटीकडेही बघा. केंद्राच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्युटी साधारण 12 तासांपेक्षा जास्त नसावी असं म्हटलंय. प्रत्यक्षात 24-36 तास जागलेली पोरं मी रोज बघते. त्या अवस्थेतही एखादी मुलगी आजींजवळ बसून, "आजी, सुई टोचणार आहे हं, हात सैल सोडा," असं सांगते. तिचं कौतुक कुठल्या लॉगबुकात नोंदवायची सोय आहे का? विभागप्रमुखांनी निदान मूल्यमापनाच्या वेळी वॉर्डातल्या सिस्टरांना आणि मावशींना विचारावं. आम्हाला सगळं दिसत असतं.