डीपी रोड ज्वारीत जाऊन मरतो

आज परत टँकर नाही. सकाळी साडेसहाला सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज: 'पाणी जपून वापरा.' काय जपून वापरू? डोक्याला शांपू लावून उभा होतो, नळातून नुसती फुस्स करून हवा!

पुण्याला नगर रस्त्याच्या आत घर घेतलं तेव्हा ब्रोशरवर स्विमिंग पूल होता. आहे की अजून. कोरडा आहे, पोरं त्यात क्रिकेट खेळतात. आणि होता 'प्रस्तावित १८ मीटर डीपी रोड', म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता. तो गेटपासून दोनेकशे पावलं जातो आणि ज्वारीत जाऊन मरतो. मोबदला न घेता शेतकऱ्याने जमीन का सोडावी? त्याच्यावर राग नाही माझा. रस्ता नकाशावरच असताना बारा मजले पास कसे झाले, ते कोणीतरी सांगा.

आधी शेत एनए, म्हणजे बिगरशेती, मग प्लॅन पास, मग फ्लॅट विकून मोकळे. बिल्डर टँकरचे पैसे भरतो, पण सोसायटी हातात देईपर्यंतच. मग तुमचं तुम्ही बघा. पुण्याच्या हद्दीत २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला आणखी २३. तोवर इमारती उठून, लोक राहायलाही आलेले. आता आराखडा काढा! शाळेला, बागेला आरक्षण टाकायला उरलंय काय? ओढे. तेही पाइपात घातलेत. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साठा जेमतेम २९ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातच दौंड-इंदापूरची शेती. फ्लॅट वाढले म्हणून धरण फुगत नाही हो.

बरं, हे कोणाला सुचलंच नव्हतं असंही नाही. मुंबई इलाख्यात १९१५ लाच नगररचना कायदा झाला होता. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि मोकळ्या जागा आधी काढायच्या, उरलेले प्लॉट ज्याचे त्याला परत. अहमदाबादने रिंग रोडच्या कडेने हेच केलं. आमच्याकडे रस्ता कुठून जाणार हे बिल्डरचं कंपाउंड ठरवतं.

काल शेजारच्या प्लॉटवर पत्रे लागले. बावीस मजले. वॉचमनकडून ब्रोशर मागून घेतलं. रस्ता तोच, आमचा ज्वारीतला. फक्त 'प्रस्तावित' शब्द गाळलाय.