‘दात-ओठ आवळून सहन करा’ या मेसेजला उत्तर

‘पहिल्या वेळी दुखणारच. पडदा फाटतो, रक्त येतं. दात-ओठ आवळून एकदा सहन करा, पुढे सगळं सुरळीत होतं. फार तर तेल लावा, आधी पेनकिलर घ्या.’ पहिल्या संभोगाबद्दलचा हा मेसेज मला तीनदा आलाय, आणि तिन्ही वेळा बायकांकडूनच.

आधी पडदा. दार लावल्यासारखा बंद पडदा तिथे नसतोच. असता तर पाळी कुठून आली असती? (क्वचित एखादीचा जन्मतः पूर्ण बंद असतो, पण मग पाळीचं रक्त आतच साठतं आणि छोटी शस्त्रक्रिया करावी लागते.) असते ती योनीमुखाच्या कडेने पातळ, लवचीक घडी. ती ताणली जाते, कधी जराशी चिरते, कधी काहीच होत नाही. अनेकींना रक्ताचा थेंबही येत नाही. त्यावरून कौमार्य ओळखणं निव्वळ थोतांड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच कौमार्य चाचणी बंद करा असं सांगितलंय.

मग दुखतं कशाने? बहुतेक वेळा कोरडेपणाने आणि आवळलेल्या स्नायूंनी. आत्ता बसल्या जागी दात आवळून श्वास रोखून बघा. पोट आवळतं, आणि बहुतेकींचे लघवी रोखताना वापरतो ते स्नायूही. म्हणजे मेसेजमधला सल्लाच दुखणं वाढवणारा! उलट श्वास सावकाश सोडला की ते सैल पडतात. इच्छा जागी झाली की योनी ओलसर होते, आतून लांबते, रुंदावते. याला वेळ लागतो, तो घाईत मिळत नाही. वेग आणि खोली बाईच्या हातात राहील अशी स्थिती, उदाहरणार्थ ती वर असणं, सोपी जाते.

तेलाचं म्हणाल तर ते लॅटेक्सचा कंडोम कमकुवत करतं. पेट्रोलियम जेलीही तशीच. वॉटर-बेस्ड ल्युब्रिकंट (पाण्यावर आधारित वंगण) घ्या, आणि हात आखडू नका. पेनकिलरचा हट्ट नको. दुखणं म्हणजे ‘थांब’ ही सूचना, ती कशाला दाबायची?

‘एकदा सहन केलं की झालं’ याची तर मला चीडच येते. दुखणं सोसलं की पुढच्या वेळी शरीर आधीच आवळून बसतं. काहींना मग बोटही आत जाऊ देता येत नाही. याला व्हजायनिस्मस म्हणतात. पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे लघवी रोखणाऱ्या त्याच स्नायूंच्या, फिजिओथेरपीने तो बहुतेकदा बरा होतो. दरवेळी दुखत असेल, जळजळ किंवा वास येणारा स्राव असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. आणि रक्त थांबतच नसेल, पॅड भिजत असेल, तर लगेच. हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.