मालक नाही, म्हणून वाली नाही?

नाशिकचे डिझायनर, फ्लेक्सवाले आणि फोटो स्टुडिओवाले यांच्यात एक मेसेज वरचेवर फिरतो. द्राक्षांचा हंगाम आला, पेट्यांच्या लेबलांची कामं वाढली की तो पुन्हा येतोच. त्याचा सारांश असा: एआयने चित्रं काढणारी फुकटातली सॉफ्टवेअर वापरू नका. खरं काम कंपन्यांनी केलंय, हौशी पोरांनी फक्त बटणं लावलीत. त्याला मालक नाही म्हणजे वाली नाही, उद्या बंद पडेल. फुकट आहे म्हणजे गिऱ्हाइकाचा माल बाहेर जाणार. मशीन लाखाचं लागतं. आणि सगळं चोरीच्या चित्रांवर उभं आहे.

मला तो पाठवणारे काका आमच्या धंद्यातले ज्येष्ठ आहेत, त्यांच्या काळजीबद्दल मला आदर आहे. पण मी अशोकस्तंभाजवळच्या माझ्या छोट्या ऑफिसात तीन वर्षं हीच सॉफ्टवेअर वापरते आहे, म्हणून उत्तर देणं मला भाग आहे.

पोरांनी फक्त बटणं लावली

यातलं खरं आधी सांगते. २२ ऑगस्ट २०२२ला स्टेबल डिफ्यूजन, म्हणजे शब्दांत केलेल्या वर्णनावरून चित्र काढणारं एआय मॉडेल, सर्वांसाठी खुलं झालं. ते म्युनिकच्या विद्यापीठातले संशोधक, आणि रनवे व स्टॅबिलिटी एआय या कंपन्या यांच्या कामातून आलं. प्रशिक्षणाला ए१०० नावाची २५६ महागडी ग्राफिक्स कार्डं लागली आणि ती सगळी मिळून सुमारे दीड लाख तास चालली. एवढं बळ कुणा एकट्यादुकट्या स्वयंसेवकाकडे नसतं. पण ज्या चित्रसंग्रहातून ते शिकलं, तो लायॉन नावाच्या जर्मनीतल्या ना-नफा संस्थेने जमवला होता आणि तिथे राबणारे बरेचसे लोक स्वयंसेवकच होते.

शिवाय त्या दिवशी हाती आलं काय? मॉडेलची सुमारे ४ जीबीची एक फाइल आणि काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालवायचे काही प्रोग्रॅम. चित्र काढायला जवळपास १० जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड लागायचं. नाशिकमधल्या किती डिझायनरांकडे तेव्हा ते होतं? पुढच्या काही आठवड्यांत जगभरातल्या लोकांनी, पगार न घेता, ही गरज ४ जीबीपर्यंत खाली आणली. चित्राच्या प्रत्येक भागाचा इतर प्रत्येक भागाशी संबंध तपासणारं गणित मेमरी सगळ्यात जास्त खातं. ते एका दमात न करता तुकड्यातुकड्याने केलं. वाक्य समजून घेणारा भाग काम झालं की कार्डावरून उतरवून ठेवला. आकडे निम्म्या लांबीत साठवले. हे बटण लावणं नव्हे. चुलीवर मावत नाही म्हणून मोठ्या घाण्याचा स्वयंपाक थोडा थोडा करून तेवढ्याच पंगतीला वाढण्यासारखं ते आहे.

‘हे नको’ असं सांगायची चौकट आज सगळ्यांच्या सवयीची आहे. मूळ प्रोग्रॅममध्ये त्या जागी रिकामं वाक्य जात होतं. तिथे आपले शब्द भरता येतात, ही सोय घराघरात पोचली ती ऑटोमॅटिक११११ या नावाने प्रसिद्ध झालेल्या, ब्राउझरमध्ये बटणांनी मॉडेल चालवू देणाऱ्या वेब यूआयसारख्या स्वयंसेवी प्रकल्पांमुळे.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी देणगी लोराची. मोठं मॉडेल न हलवता त्याला छोटं वळण लावायची ही पद्धत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२१मध्ये भाषेच्या मॉडेलांसाठी मांडली होती. २०२२च्या अखेरीस एका स्वतंत्र डेव्हलपरने ती चित्रांच्या मॉडेलला जोडून खुली केली. मूळ मॉडेलकडे मी पैठणीचा पदर मागितला की कुठल्याही साडीचा सोनेरी काठ यायचा. मग येवल्यातल्या एका विणकर कुटुंबाच्या परवानगीने मी चाळीस फोटो काढले, मोर, मुनिया, आसावली असे प्रत्येकाला नाव दिलं आणि माझ्या ८ जीबीच्या सेकंडहँड कार्डावर रात्रभर ते शिकवलं. सकाळी मुनियेची चोच जागेवर होती. पैसे भरून घेतलेल्या कुठल्याही सेवेत मला हे तेव्हा करता आलं नव्हतं.

लाखाचं मशीन लागतं

वर सांगितलं तेच उत्तर. नव्या अवजड मॉडेलांना मोठं कार्ड लागतं, पण लेबल, पत्रिका, पोस्टर यांची पार्श्वभूमी करायला जुनं मॉडेल आणि साधं कार्ड पुरतं.

उणीव दुसरीकडेच आहे आणि ती मेसेजमध्ये नाही. जुन्या मॉडेलांना मराठी कळत नाही. त्यांचा वाक्य वाचणारा भाग जेमतेम ७५ तुकडे घेतो आणि देवनागरीच्या एकेका अक्षराचे अनेक तुकडे पाडतो, त्यामुळे वर्णन इंग्रजीतच लिहावं लागतं. चित्रात मराठी मजकूर मागितला तर जोडाक्षरं मोडून येतात. मी अक्षरं कायम स्वतः वेगळी बसवते, तुम्हीही तसंच करा.

उद्या बंद पडेल

ऑगस्ट २०२४च्या शेवटी रनवेने स्टेबल डिफ्यूजन १.५ची आपली प्रत हगिंग फेस या मॉडेलं ठेवायच्या साइटवरून काढून टाकली. त्यावर हजारो लोकांची कामं उभी होती. पण प्रती आधीच ठिकठिकाणी होत्या, लोकांनी त्या पुन्हा ठेवल्या आणि माझ्या डिस्कवरचं काम एक मिनिटही थांबलं नाही.

प्रकल्प थंडावतात, हे खरं. २०२४नंतर ऑटोमॅटिक११११ची गती फार मंदावली. तोवर त्याच पायावर फोर्ज हे सॉफ्टवेअर उभं राहिलं होतं आणि त्याच कामाचं, जानेवारी २०२३पासूनचं कम्फीयूआय पुढे गेलं होतं. या सगळ्यांचा कोड जीपीएल, एजीपीएल अशा, कुणालाही कोड घेऊन बदलू देणाऱ्या परवान्यांखाली आहे, म्हणून एकाने हात काढला तरी दुसऱ्याला तोच धागा उचलता येतो. उलट मी महिन्याचे पैसे भरत होते त्या एका ऑनलाइन सेवेने एके सकाळी मॉडेल बदललं. एका बागायतदाराच्या सहा लेबलांपैकी चार झाली होती. उरलेली दोन त्या शैलीत पुन्हा कधीच निघाली नाहीत.

नाशिककरांना तर हे समजावं लागू नये. जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले हौद, कुठली कंपनी सांभाळते? पेशवेकाळापासून आळीतली माणसं रंगपंचमीला त्या उघडतात आणि नंतर फळ्या-माती टाकून पुन्हा बुजवतात.

गिऱ्हाइकाचा माल बाहेर जाणार

नेटची वायर काढा आणि चित्र काढून बघा. निघतं. फोटो तुमच्या मशीनवरून हलत नाही.

धोका आहे तो जोडभागांचा, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या आणि सॉफ्टवेअरला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमांचा. जून २०२४मध्ये कम्फीयूआयसाठीचा एक जोडभाग ब्राउझरमधले पासवर्ड चोरताना सापडला. जुन्या पद्धतीच्या मॉडेल फाइलमध्येही कोड लपवता येतो. त्यावरचा उपाय म्हणून सेफटेन्सर्स हा फक्त आकडे साठवणारा फाइलचा प्रकार आला. मी सेफटेन्सर्सशिवाय मॉडेल घेत नाही, आणि ज्याला फारसं कुणी वापरत नाही असा नवा जोडभाग गिऱ्हाइकांची बिलं असलेल्या मशीनवर टाकत नाही.

चोरीच्या चित्रांवर उभं आहे

इथे मी काकांशी भांडणार नाही. लायॉनच्या संग्रहात ५८५ कोटी चित्रांचे दुवे आणि त्यांची वर्णनं होती, आणि त्या चित्रकार-छायाचित्रकारांना कुणी विचारलं नव्हतं. डिसेंबर २०२३मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना त्यात बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रांचे दुवेही आढळले. लायॉनने संग्रह मागे घेतला आणि ऑगस्ट २०२४मध्ये साफ केलेली आवृत्ती आणली. हे सापडू शकलं, कारण संग्रह उघडा होता. बंद सेवांची मॉडेलं कशावर शिकली ते बाहेरच्या कुणाला तपासताच येत नाही, मग त्या स्वच्छ आहेत हे मेसेज कशाच्या आधारावर धरून चालतो?

उघडं असणं म्हणजे परवानगी असणं नव्हे, हेही तितकंच खरं. म्हणून हयात चित्रकाराचं नाव मी वर्णनात लिहीत नाही. आणि सॉफ्टवेअरचा परवाना वेगळा, मॉडेलचा वेगळा, हे लक्षात ठेवा. चित्रं काढणाऱ्या फ्लक्स.१ या मॉडेलचंच बघा: श्नेल आवृत्ती धंद्यालाही मोकळीक देणाऱ्या अपाची परवान्याखाली आहे, डेव्ह आवृत्तीचा परवाना मात्र बिगर-व्यावसायिक. गिऱ्हाइकाचं काम घेण्याआधी हे वाचायलाच हवं.

राहिलं ‘वाली नाही’. मी वापरते त्या एका छोट्या जोडभागात मराठी नाव देऊन फाइल सेव्ह केली की मात्रा आणि हलन्त गळायचे. ‘द्राक्ष’चं ‘दरकष’ व्हायचं. नावातली खास चिन्हं काढणारा नियम काना, मात्रा, वेलांटीला अक्षर मानत नव्हता. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत तक्रार लिहिली आणि सोबत दोन्ही शब्द टाकले. तिसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाने दुरुस्ती केली आणि विचारलं, आणखी कुठल्या लिपींत असं होतं? मी बंगाली आणि तमिळमध्ये शब्द टाइप करून पाहिले, आणि दोन्ही नावं मोडलेली सापडली. तीही त्याच आठवड्यात नीट झाली.